सेल्फ लागत नाही? मोटर उतरवायच्या आधी हे मोजून बघा

चावी फिरवली आणि इंजिन गप्प. किंवा नुसता टक् असा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. अशा वेळी बहुतेक ठिकाणी आधी बॅटरीवर बिल फाडलं जातं, नवीन बॅटरी येते, तरी जमत नाही मग सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) उतरवतात, कार्बन (मोटरला आत करंट पोचवणारे ब्रश) बदलून परत बसवतात, आणि गंमत म्हणजे इंजिन एक-दोनदा चालूही होतं कारण काढघाल करताना केबलचे लग (टोकाचे धातूचे जोड) हलले, थोडे घासले गेले. चार दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. खरा दोष कुठेतरी जोडात बसलेला असतो आणि त्याच्याकडे कोणी बघितलेलंच नसतं. म्हणून माझं एकच म्हणणं आहे, सेल्फ मारत असताना व्होल्टेज मोजा. बंद इंजिनवर घेतलेलं रीडिंग अर्धीच गोष्ट सांगतं.

जनरेटर असो, पंप असो, कॉम्प्रेसर असो की फोर्कलिफ्ट, डिझेल इंजिनचं इलेक्ट्रिक स्टार्टिंग १२ किंवा २४ व्होल्टचं असतं आणि तपासायची पद्धत सारखीच. लागणार काय, तर एक बरा मल्टीमीटर, डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर (नुसता एसी मोजणारा इथे कामाचा नाही), २१ वॅटचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प, पाने, तारेचा ब्रश आणि चावी फिरवायला एक माणूस.

हात लावायच्या आधी एक काम करा. मशीन ऑटो मोडवर असेल तर ते काढा, इमर्जन्सी स्टॉप दाबा, आणि हात आत घालायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. ऑटोवरचा जनरेटर लाइट गेली की न विचारता फिरतो, तेव्हा तुमचा हात फॅनबेल्टजवळ असू शकतो. केबल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिच्या तोंडावर ठिणगी पडली तर बॅटरी फुटते आणि ॲसिड तोंडावर येतं, म्हणून चष्मा घाला. आणि मोजताना इंजिन चालू होऊ द्यायचं नाही, नुसतं फिरवायचंय, तेव्हा डिझेल बंद ठेवा किंवा डिझेल चालू-बंद करणाऱ्या फ्युएल सोलेनॉइडची वायर काढा (इलेक्ट्रॉनिक इंजिनला कंपनीच्या मॅन्युअलमधली पद्धत वापरा).

आता सर्किट डोक्यात नीट बसवा, कारण इथेच निम्मे लोक गोंधळतात. रस्ते दोन आहेत. एक जाड केबलचा, बॅटरी, आयसोलेटर (बॅटरी तोडणारा मोठा स्विच), सोलेनॉइडचा (सेल्फवरचा, विजेने ओढला जाणारा स्विच) मोठा बोल्ट, आतले कॉन्टॅक्ट, मोटर, मग इंजिनची बॉडी आणि अर्थ पट्टीवरून परत बॅटरीच्या निगेटिव्हला. ह्या रस्त्याने शेकडो अँपिअर जातात. दुसरा बारीक वायरचा, फ्यूज, चावी किंवा कंट्रोलर, इमर्जन्सी स्टॉप, न्यूट्रल स्विच, स्टार्टर रिले आणि तिथून सोलेनॉइडचं छोटं टर्मिनल, ज्यावर बऱ्याचदा ५० किंवा एस लिहिलेलं असतं. बारीक रस्ता नुसता हुकूम देतो, काम जाड रस्ता करतो. दोष कुठल्या रस्त्यावर आहे ते कळलं की अर्धं काम झालं, आणि ते बरंचसं कानाने कळतं.

काहीच आवाज नाही, सोलेनॉइड हललाच नाही, तर आधी बारीक रस्ता बघा. एकच दणकट टक् आणि मोटर फिरत नाही, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, कार्बन, जाड केबल नाहीतर जाम झालेलं इंजिन. कटकटकट असा भराभर आवाज, तर बॅटरी उतरलीय किंवा जोड खराब आहे, क्वचित सोलेनॉइडचं एक वाइंडिंग गेलंय. मोटर घुर्रकन मोकळीच फिरते आणि इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (मोटरचं पुढे सरकणारं गियर) घसरतंय किंवा रिंग गियरचे (इंजिनच्या फ्लायव्हीलवरच्या गियरचे) दात गेलेत. इंजिन नीट वेगात फिरतंय पण धरत नाही, तर सेल्फचा पिच्छा सोडा आणि डिझेल, एअर लॉक (डिझेलच्या पाइपात अडकलेली हवा), स्टॉप सोलेनॉइड बघा.

सुरुवात मात्र बॅटरीपासूनच. चार्जर बंद करून थोडा वेळ थांबा, चार्जरवरून नुकतीच काढलेली बॅटरी वरवर जास्त व्होल्टेज दाखवते. विश्रांती घेतलेली भरलेली लेड ॲसिड बॅटरी १२.६ च्या आसपास असते, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, १२ च्या खाली गेली तर आधी चार्ज करा मग पुढचं बोला. २४ व्होल्टला दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, तिथे एकूण व्होल्टेजवर समाधान मानू नका, प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. एकूण २४.७ दिसतं आणि बरं वाटतं, पण एक १२.७ आणि दुसरी १२.० असते आणि जोडीला ती दुसरीच खाली ओढते. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर ॲसिडची घनता मोजणारं हायड्रोमीटर लावा, भरलेल्या सेलला १.२६५ च्या वर यायला हवं, आणि एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने मागे असेल तर ती बॅटरी गेली समजा.

मग सेल्फ मारायला सांगा आणि मारत असताना बॅटरीच्या पोलवर मीटर धरा. पोलवर म्हणजे खरंच शिशाच्या पोलवर, क्लॅम्पवर नाही, का ते पुढे येतंय. १२ व्होल्टला साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये, २४ ला १९ च्या खाली. त्याखाली गेलं तर एकतर बॅटरीत दम नाही किंवा मोटर प्रमाणाबाहेर करंट ओढतेय. थंडीत हे आकडे खाली सरकतात, बॅटरीची ताकद कमी होते आणि त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल जास्त ताकद मागतं.

आता मुख्य गोष्ट, व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेतल्या केबल-जोडांत खाल्लं जाणारं व्होल्टेज. बरेच जण केबलला ओहम्सवर मीटर लावतात, शून्य दाखवतं आणि केबल चांगली म्हणून सोडून देतात. पण केबलची एक तार जरी शाबूत राहिली तरी मीटर शून्याच्या जवळच दाखवणार, त्या एका तारेतून ३०० अँपिअर थोडेच जाणारेत? हिशोब करून बघा, जोडात फक्त ०.०१ ओहम वाढला आणि करंट ३०० अँपिअर असेल तर तिथेच ३ व्होल्ट खाल्ले जातात. साधा मीटर ०.०१ ओहम भरवशाने दाखवतच नाही. व्होल्ट मात्र सरळ दिसतात.

पद्धत अशी. मीटर डीसी व्होल्टवर, लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलवर, काळा सोलेनॉइडच्या त्या मोठ्या बोल्टवर जिथे बॅटरीची केबल येते. सेल्फ न मारता शून्य येईल, त्याला काही अर्थ नाही. आता सेल्फ मारा आणि आकडा वाचा. १२ व्होल्टच्या मशीनला ०.५ पर्यंत ठीक, २४ ला साधारण दुप्पट चालतं. मग अर्थची बाजू, एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर आणि दुसरा सेल्फच्या बॉडीवर, रंग खरवडलेल्या जागी. इथेही तेवढंच, कमी आलं तर उत्तम. जास्त आलं तर एकेक तुकडा मोजत चला, पोल ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचा लग, आयसोलेटरच्या ह्या बोल्टपासून त्या बोल्टपर्यंत. कुठल्याही एका जोडावर ०.२ च्या वर दिसलं की चोर तिथे. पोल आणि क्लॅम्प वेगळे मोजायला ह्यासाठीच सांगतो, वरून चकचकीत दिसणाऱ्या क्लॅम्पच्या आत काळा थर असतो आणि तोच एकटा एक-दीड व्होल्ट खातो.

मी स्वतः बघितलेली एक केस सांगतो. २४ व्होल्टचा डिझेल पंप, दोन्ही बॅटऱ्या नव्या, सेल्फ दोनदा उघडून झालेला, तरी इंजिन जेमतेम अर्धा फेरा घ्यायचं आणि थांबायचं. बंद असताना २५.३ व्होल्ट. सेल्फ मारताना बॅटरीवर २२.९, म्हणजे बॅटरी ठणठणीत. पॉझिटिव्ह बाजूचा ड्रॉप ०.६. आणि अर्थच्या बाजूला प्रोब धरला तर ६.४! मोटरच्या वाट्याला सोळा व्होल्टसुद्धा येत नव्हते. मी वाकून बघत होतो तेव्हा हात थ्रॉटलच्या केबलला लागला तर ती चांगली गरम. तिथे सगळं कळलं. इंजिन रबर माउंटिंगवर बसलेलं, मध्यंतरी बेस फ्रेमला रंग दिलेला आणि अर्थ पट्टी त्या रंगावरच आवळलेली, त्यामुळे सेल्फचा करंट परत जायला वाट शोधत थ्रॉटलच्या केबलमधून चालला होता. पट्टी काढली, दोन्ही टोकांखालचा रंग लोखंड दिसेपर्यंत घासला, नवा वॉशर टाकून आवळली, वरून पेट्रोलियम जेली लावली. ड्रॉप ०.२ वर आला आणि इंजिन पहिल्या झटक्यात फिरलं. आता बॅटरीचं व्होल्टेज सेल्फ मारताना आधीपेक्षा कमी, २१.८ दिसायला लागलं, ते बघून तिथला ऑपरेटर घाबरला, पण ते बरोबर आहे, मोटरला आत्ता कुठे पोटभर करंट मिळायला लागला म्हणून बॅटरीवर भार आला.

जाड रस्ता ठीक निघाला तर सोलेनॉइडकडे या. टक् होतं पण फिरत नाही अशा वेळी, सेल्फ मारत ठेवून दोन्ही मोठे बोल्ट बॉडीच्या संदर्भात मोजा. बॅटरीकडच्या बोल्टवर व्होल्टेज आहे, मोटरकडच्यावर नाही, म्हणजे आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेत. दोन्हीवर पूर्ण आहे आणि मोटर ढिम्म, तर कार्बन झिजलेत किंवा आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) गेलंय. हातोडीच्या दांड्याने हलकं ठोकल्यावर मोटर फिरली तर बहुधा कार्बनच, पण ठोकून चालवत राहू नका, आज फिरली उद्या फिरणार नाही.

कटकट आवाजामागचं कारण समजून घ्यायला मला आवडतं. सोलेनॉइडमध्ये दोन वाइंडिंग असतात, एक जोरात खेचणारं आणि एक धरून ठेवणारं. कॉन्टॅक्ट लागले की खेचणाऱ्याच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं, ते गप्प होतं आणि सगळा भार धरणाऱ्यावर. ते तुटलं असेल तर प्लंजर (आत ओढला जाणारा दांडा) लगेच सुटतो, सुटला की खेचणारं पुन्हा जागं होतं, पुन्हा ओढतं, पुन्हा सुटतं. बॅटरी उतरलेली असतानाही असंच होतं, मोटर लागली की व्होल्टेज कोसळतं आणि धरणाऱ्यात जीव राहत नाही. म्हणून आधी बॅटरी, जोड तपासा आणि मगच सोलेनॉइडला दोष द्या.

बारीक रस्त्यासाठी मधूनच सुरुवात करा, रिलेपासून. चावी स्टार्टवर धरून ८५ आणि ८६ ह्या रिलेच्या कॉइलच्या दोन पायांमध्ये व्होल्टेज येतंय का बघा. येतंय पण रिले लागत नाही, तर रिले गेला. लागतो पण ८७ ह्या आउटपुटच्या पायावर काही नाही, तर ३० ह्या पायावर सप्लाय आहे का बघा, असेल तर कॉन्टॅक्ट जळालेत. ८५-८६ लाच येत नसेल तर मागे सरका, न्यूट्रल स्विच, इमर्जन्सी स्टॉप, चावी, फ्यूज. टेस्ट लॅम्प इथे कामाला येतो, कुजलेल्या वायरवरही मल्टीमीटर पूर्ण १२ दाखवतो पण बल्ब मिणमिणतो. फक्त कंट्रोलरच्या आउटपुटवर हा लॅम्प लावू नका. ५० नंबरच्या टर्मिनलवर सेल्फ मारताना येणारं व्होल्टेज बॅटरीवर त्या क्षणी असलेल्या व्होल्टेजच्या एक-दीड व्होल्टच्या आत हवं.

कंट्रोलर असलेल्या मशीनवर स्क्रीन आधी वाचा. मागच्या वेळचा फेल टू स्टार्टचा (इंजिन चालू न झाल्याचा) अलार्म रिसेट केलेला नसेल तर तो स्टार्टचा हुकूम देतच नाही, आणि स्पीड सेन्सरचा खोटा सिग्नल येत असेल तर इंजिन फिरतंय असं समजून सेल्फ लावत नाही. तासभर वायरिंग शोधून शेवटी एक बटण दाबायचं राहिलं होतं असं होतं.

स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइड शॉर्ट करणं बंद करा, कळकळीने सांगतोय. त्याने न्यूट्रल स्विचसकट सगळं संरक्षण बायपास होतं, मशीन गियरमध्ये असेल तर समोरच्याच्या अंगावर जातं. आणि चावी सोडल्यावरही सेल्फ फिरतच राहिला तर कॉन्टॅक्ट चिकटलेत, विचार न करता आयसोलेटर पाडा.

सगळे ड्रॉप ठीक आणि तरीही इंजिन रडतखडत फिरतंय, तर क्लॅम्प मीटर लावा. वेग कमी आणि करंटही कमी, तर आत कुठेतरी रेझिस्टन्स आहे, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट नाहीतर कार्बन. वेग कमी आणि करंट खूप जास्त, तर मोटरचे बुश (शाफ्टचे बेअरिंग) झिजून आर्मेचर घासतंय किंवा इंजिनच जड झालंय. अशा वेळी बॅटरी सोडून इंजिन हाताने बारने फिरवून बघा. मध्येच खाडकन अडलं तर सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल भरलेलं असू शकतं, पुन्हा सेल्फ मारलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल. इंजेक्टर काढून मोकळं करा. कुठल्याही तपासणीत एका वेळी ५-१० सेकंदांपेक्षा जास्त मारायची गरज नसते, चालू करतानाही ३० च्या पुढे जाऊ नका आणि मध्ये दोन मिनिटं मोटर थंड होऊ द्या.

काम झाल्यावर इंजिन चालू करून बॅटरीवर चार्जिंग बघा, १२ व्होल्टला १३.८ ते १४.४, २४ ला त्याच्या दुप्पट. हे येत नसेल तर अल्टरनेटर आणि बेल्ट बघा, नाहीतर नवी बॅटरीसुद्धा पंधरा दिवसांत खाली बसेल. मग बंद असतानाचं व्होल्टेज, सेल्फ मारतानाचं व्होल्टेज, दोन्ही बाजूंचे ड्रॉप आणि करंट, तारखेसकट पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, पुढच्या वेळी जो कोणी दार उघडेल त्याला कुठला आकडा हलला ते दोन मिनिटांत दिसेल.