पुस्तक मिटून करायचा अभ्यास

पुण्यात नव्याने शिकायला आलेला विद्यार्थी अप्पा बळवंत चौकातून पुस्तके घेतो, सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत जागा धरतो आणि एकच प्रकरण रंगीत खुणा करत तीन-चार वेळा वाचून काढतो. दर वाचनाला मजकूर अधिक ओळखीचा वाटतो आणि ही ओळख म्हणजेच पाठांतर, असा त्याचा समज होतो. परीक्षेत मात्र पुस्तक समोर नसताना आठवावे लागते, आणि नेमका तोच सराव राहून गेलेला असतो.

म्हणून एका बैठकीत चार-पाच पानेच वाचावीत, पुस्तक मिटावे आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर स्वतःच्या शब्दांत लिहावे. समजा, पानशेतच्या पुराविषयी वाचले, तर 12 जुलै 1961 ही तारीख लिहून थांबू नये. काम पुरे होण्याआधीच पाणी साठलेले पानशेत धरण फुटल्यावर खालचे खडकवासला धरणही का टिकले नाही आणि मुठेचे पाणी शहरात कसे शिरले, हे क्रमाने मांडून पाहावे. कारणांची एक कडी हाती आली की पुढची सापडते, सुट्या तारखेला असा आधार नसतो. मग पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे वेगळ्या शाईने भरावेत. सुरुवातीला कागद अर्धा कोरा राहतो, त्याने खचू नये, कारण आठवण्याची ही धडपडच स्मरण पक्के करते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे सरस ठरले.

उजळणीही एकाच दिवशी उरकू नये. फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले त्याच 1885 साली एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. विसरणे पहिल्या काही तासांतच सर्वाधिक वेगाने होते आणि पुढे मंदावते, असे त्याला आढळले होते. त्यामुळे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, पुढची तीन-चार दिवसांनी आणि त्यानंतरची आठवड्याने करावी, प्रत्येक वेळी आधी कोरा कागद आणि मगच पुस्तक. सूत्रे आणि व्याख्या शब्दशः पाठ कराव्याच लागतात, पण अर्थ कळल्यानंतरच.

रात्री मेसमधून परतताना दिवसभरात वाचलेला एक मुद्दा खोलीतल्या सोबत्याला समजावून सांगावा. जिथे अडखळायला होईल, ते पान सकाळी सर्वांत आधी उघडावे.