नगरला एक दिवस: आदल्या रात्री काय काय काढून ठेवायचं

सगळ्यात आधी आधार कार्ड. ओरिजिनल, आणि प्रत्येक मोठ्या माणसाचं, मोबाइलमधला फोटो नको. हे सगळ्यात वर का लिहिलं ते पुढं येईलच.

आम्ही पुण्यात खराडीला राहतो, १५ वर्षं झाली, पत्ता लिहिताना रोज नगर रोड लिहितो, पार्सलवाल्याला नगर रोड सांगतो, ट्रॅफिकला शिव्या घालताना नगर रोड म्हणतो, आणि त्या रोडच्या टोकाला जे नगर आहे ते बघितलं कधी तर शिर्डीला जाताना गाडीतून. स्टँडवर उतरायचं, चहा घ्यायचा, बाथरूम शोधायचं, परत गाडीत. बायकोची मावशी सावेडीला असते, तिला फोन करून विचारलं की मावशी एक दिवस येतोय, काय बघायचं, तर म्हणे अरे नगरात काय आहे बघायला, तुम्ही आपलं जेवायला या. नगरकरांचं हे असंच असतं, त्यामुळं तयारी आपली आपणच करायची. दोनदा जाऊन आलो, पहिल्यांदा चुका केल्या, दुसऱ्यांदा जरा शहाणपणानं गेलो, त्यावरून ही यादी.

नावाचं आधी सांगतो कारण त्यात एकजण गोंधळलाच. २०२४ पासून शहर अधिकृत अहिल्यानगर झालंय, त्यामुळं एसटीची पाटी, रेल्वेचं ॲप, मॅप, कुठं जुनं नाव दिसेल कुठं नवं, दोन्ही टाकून बघा. कंडक्टर मात्र अजून "नगर नगर नगर" असंच ओरडतो. गाडी नसेल तर शिवाजीनगरच्या, म्हणजे आता वाकडेवाडीच्या स्टँडवरून एसटी पकडा, आणि जरा कौतुकानं पकडा, कारण राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला याच पुणे-नगर रस्त्यावर धावली होती आणि २०२२ मध्ये बरोबर त्याच तारखेला पहिली इलेक्ट्रिक शिवाई पण इथंच सोडली. ट्रेनच्या भानगडीत पडू नका, ती दौंडवरून वळसा घालून जाते.

स्वतःची गाडी असेल तर टाकी आदल्या रात्री फुल करा आणि अलार्म पाचचा लावा. सहाला वाघोली मागं पडलं पाहिजे, नाहीतर वाघोली, सणसवाडी, शिक्रापूर असं करत दोन तास तिथंच जातात आणि कंपनीच्या बसेस तुम्हाला रांजणगावपर्यंत सोबत करतात. पुण्यापासून अंतर १२० किलोमीटरच्या आसपास. शिरूरला घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो आणि रस्ता पण मोकळा होतो, नाष्टा तिथं करा, आणि बाथरूमचं सगळ्यांनी तिथंच उरकून घ्या. हे मी गंमतीत लिहीत नाहीये, आईला घेऊन गेलो होतो म्हणून कळलं, पुढं जी ठिकाणं आहेत तिथं प्रत्येक ठिकाणी सोय मिळेल असं धरून चालू नका.

आता आधार कार्डाचं. भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, गेटवर ओळखपत्र बघून मग आत सोडतात. पहिल्या वेळी माझा मावसभाऊ पाकीट घरी विसरून आलेला, सगळं गुगल पे वर चालतं ना मग पाकीट कशाला म्हणून. शेवटी तो गाडीत बसला आणि आम्ही आत जाऊन आलो, आणि परत येताना पूर्ण रस्ताभर त्यानं आम्हाला ते ऐकवलं. तर प्रत्येकाचं कार्ड एका पाऊचमध्ये, आणि पाऊच घरातल्या सगळ्यात जबाबदार माणसाकडं, म्हणजे आमच्याकडं बायकोकडं.

किल्ल्यासाठी वेगळी तयारी फार नाही. तो भुईकोट, म्हणजे जमिनीवरचाच, चढ नाही, त्यामुळं गुडघेदुखीवाले पण आरामात फिरतात. पण जायच्या आधी थोडं वाचून जा, नाहीतर नुसती गोल तटबंदी आणि खंदक बघून परत याल. १५९५ ला मुघलांची फौज याच तटाला भिडली होती आणि आत चांदबिबी होती, सुरुंगानं तट फुटला तर बाईनं रातोरात भिंत परत उभी करून घेतली असं सांगतात. १८०३ मध्ये हाच किल्ला इंग्रजांसाठी वेलस्लीनं घेतला, तोच वेलस्ली ज्यानं पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. आणि १९४२ ला चले जावच्या वेळी काँग्रेसच्या कार्यकारिणीतले १२ जण इथं आणून ठेवले होते, नेहरू, पटेल, मौलाना आझाद, पंत, कृपलानी, आपले शंकरराव देव. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथंच लिहिलं आणि मौलाना आझादांची 'गुबार-ए-खातिर' मधली पत्रं पण इथलीच. एकाच आवारात दोन माणसं दोन भाषांत लिहीत बसलीयत, हे डोक्यात ठेवून त्या खोल्यांसमोर उभं राहिलं की वेगळं वाटतं. माझा पोरगा पाचवीत आहे, त्याला चांदबिबी आवडली, नेहरूंच्या खोलीपाशी आल्यावर त्यानं एकच विचारलं, इथं पंखा होता का?

पोरांसाठी खरा माल म्हणजे रणगाडा संग्रहालय. पोरगं असेल तर तयारीत दुप्पट वेळ याला धरा. लष्कराच्या आर्मर्ड कोअरचं, म्हणजे रणगाड्यांच्या दलाचं, केंद्र नगरला, म्हणून हे इथं. १९९४ ला सुरू झालं. पाकिस्तानकडून पकडून आणलेला पॅटन आहे, आपला विजयंता आहे, ब्रिटिशांचे चर्चिल आणि व्हॅलेंटाईन, जपान्यांचा छोटासा रणगाडा जो बाकीच्यांपुढं खेळण्यातला वाटतो, आणि रोल्स रॉइसची चिलखती गाडी, ती बघून आमचा मावसभाऊ (त्याला दुसऱ्या वेळी आत घेतलं) म्हणाला की कंपनी तीच पण ॲव्हरेज विचारू नको. बहुतेक सगळं उघड्यावर आहे. त्यामुळं टोपी आणि पाणी, प्रत्येकी निदान एक लिटर, आणि पोरांना आधीच दम द्या की वर चढायचं नाही. चढू देत नाहीत ते आहेच, पण अकरा वाजता त्या लोखंडाला हात लावून बघा, तव्यासारखं तापलेलं असतं. खाली रणगाड्याच्या पट्ट्याजवळ पोराला उभं केलं तर एकेक कडी त्याच्या तळहाताएवढी नाही, पुऱ्या पंजाच्या दुप्पट. तिथं तो पहिल्यांदा गप्प झाला. सुट्टीचा वार आणि वेळ आदल्या दिवशी फोनवर बघून घ्या, फोटोचे नियम गेटवर विचारा, आणि तिकिटासाठी सुट्टे पैसे खिशात ठेवा.

क्रम पण तयारीतच धरा. पहिल्या वेळी आम्ही चांदबिबी महालावर, म्हणजे शहराबाहेरच्या डोंगरावर, भर दुपारी गेलो, वेडेपणा होता. तर सकाळी किल्ला, मग रणगाडे, दुपारी जेवण आणि सावली, चारनंतर डोंगर. किल्ल्याजवळच दमडी मशीद आहे, ती सोडू नका, छोटीशी आहे पण दगडावरचं कोरीवकाम असं की लाकूड वाटावं. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी एकेक दमडी काढून बांधली म्हणून दमडी मशीद, अशी गोष्ट सांगतात. फराहबाग पण बघायचा तर बघा, १५८३ चा महाल, एकेकाळी चारही बाजूंनी पाणी होतं, आता कोरडं तळं आणि मधे पडकी भव्य इमारत. ताजमहालची कल्पना इथून गेली असं नगरकर छातीठोकपणे सांगतात, आपण मान हलवायची.

जेवणाचं मावशीमुळं आमचं सोपं. तिनं शिपी आमटी केलेली, काळी, वर तेलाचा तवंग, आणि बाजरीची भाकरी त्यात कुस्करून खायची, चमच्यानं खायला लागलो तर मावशी म्हणाली जावईबापू हात धुऊन या आणि नीट जेवा. ज्यांची मावशी नाही त्यांनी गावात विचारून भाकरी-आमटी मिळणारी खानावळ शोधा, पंजाबी खायला १२० किलोमीटर कशाला यायचं. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांच्यासाठी दही आधीच मागवून ठेवा आणि ॲसिडिटीची गोळी पाऊचमध्ये टाका. कपडा बाजारात जाणार असाल तर गाडी लांब लावून चालत जा, त्या गल्ल्यांत चारचाकी घालणं म्हणजे स्वतःहून कोंडून घेणं, आणि साड्यांच्या दुकानात बायकांना अर्धा तास असं सांगून सोडलं की तो दीड तास धरायचा. माळीवाड्यात विशाल गणपती आहे, तिथं पाच मिनिटं डोकं टेकवून निघता येतं.

चांदबिबी महाल शहरापासून साधारण १३ किलोमीटर, पाथर्डी रोडला, शाह डोंगरावर, गाडी वरपर्यंत जाते. नावावर जाऊ नका, तो महाल नाही आणि चांदबिबीचा तर नाहीच, निजामशाहीतल्या सलाबत खान या वजिराची ती कबर आहे. आठ बाजूंची, तीन मजली, पूर्ण दगडी, उघड्या माळावर एकटी उभी. इथं लागते टॉर्च. मोबाइलची चालते पण तोपर्यंत रणगाड्यांचे फोटो काढून बॅटरी ११ टक्क्यांवर आलेली असते, म्हणून पॉवर बँक. जिना भिंतीतून वर जातो, अरुंद, एका वेळी एकच माणूस, पायऱ्या उंच आणि झिजलेल्या, वटवाघळांचा वास, एक हात भिंतीवर ठेवून चढायचं, त्यामुळं चपला नको, ग्रिपवाले बूट हवेत. आईला आम्ही खालीच सतरंजीवर बसवलं, तर सतरंजी पण यादीत. वर पोचलं की एकदम कमानीतून वारा अंगावर येतो, म्हणजे टोपी उडते असा वारा, आणि खाली पूर्ण नगर पसरलेलं दिसतं. संध्याकाळी थंडीच्या दिवसांत पोरांना स्वेटर लागतोच, सकाळी निघताना कितीही हसले तरी घ्या. पावसाळा संपल्यापासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत जा, एप्रिल-मेमध्ये या डोंगरावर सावलीला झाड शोधत बसाल.

एका दिवसात मेहेराबाद पण करू असं ठरवलं होतं, दौंड रोडला, मेहेरबाबांची समाधी. नाही जमलं, आणि बरंच झालं. ज्या माणसानं १९२५ पासून शेवटपर्यंत मौन पाळलं त्याच्या समाधीवर घड्याळ बघत दहा मिनिटं जाण्यात अर्थ नाही, ते वेगळ्या दिवशी.

अजून किरकोळ. चार्जर, कचऱ्याची पिशवी, आईच्या संध्याकाळच्या गोळ्या (आपण सातला घरी असू असं म्हणतो, दहा वाजतात), परतीला शिक्रापूरच्या जाममध्ये खायला भडंग. आणि एक मोठी रिकामी कापडी पिशवी डिकीत टाका, ज्यांचं कुणी नगरला आहे त्यांनी तर दोन. मावशीनं आमच्या पिशवीत बाजरीचं पीठ, लिंबं आणि आमटीचा मसाला भरला आणि वर विचारलं, मग काय बघितलं नगरात? सांगितलं चांदबिबी महाल, तर म्हणे हो का, मी लग्नाआधी एकदा गेले होते. पुढच्या वेळी गाडीत एक जागा तिच्यासाठी ठेवायची आहे, आणि तिला पण आधार कार्ड काढून ठेवायला सांगायचंय.