नागपुरातून एक सेमिस्टर फॉरेनला: एक्स्चेंजसाठी कसं निघायचं

पहिले हे क्लियर करून घ्या की 'स्टडी अब्रॉड' लिहिलेलं सगळंच एक्स्चेंज नसतं. खऱ्या एक्स्चेंजमध्ये दोन युनिव्हर्सिटींचा करार असतो, फी तुम्ही इथलीच भरता, तिकडची ट्यूशन फी सहसा माफ असते आणि तुमचं नाव इथूनच नॉमिनेट होऊन जातं. काही युनिव्हर्सिटींची परदेशात स्वतःची स्टडी सेंटर असतात, म्हणजे स्टॅनफर्डची फ्लॉरेन्स, बर्लिन, क्योटोला आहेत, पण ती त्यांच्याच पोरांसाठी. तिसरा प्रकार म्हणजे पूर्ण फी भरून सेमिस्टरभर पाहुणा म्हणून जाणं, आणि इथे एजंट लोक लय गोड बोलतात, म्हणून पहिलाच प्रश्न विचारायचा, ट्यूशन फी कोण भरणार?

मग कॉलेजच्या इंटरनॅशनल सेलमध्ये जाऊन कोणाकोणाशी करार चालू आहे ते विचारा. चालू, बरं का, फोटो काढून फाइलमध्ये ठेवलेला नाही! निदान आठ-दहा महिने आधी लागा, कारण जर्मनीचं विंटर सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होतं पण नॉमिनेशनची तारीख त्याच्या कितीतरी आधी निघून जाते.

आता खरी गोम, क्रेडिट, म्हणजे तिकडे केलेले कोर्स इथल्या डिग्रीत धरले जाणं. व्हिसापेक्षा जास्त डोकं इथे लावा. युरोपात एका सेमिस्टरचे साधारण 30 ईसीटीएस (तिकडची क्रेडिट) धरतात, आपल्याकडे एनईपीत, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणात, वर्षाचे साधारण 40 म्हणजे सेमिस्टरचे 20, म्हणून ढोबळमानाने त्यांचे 6 म्हणजे आपले 4, पण शेवटचा शब्द तुमच्या डिपार्टमेंटचा. समजा पाचव्या सेममध्ये तुम्हाला कंट्रोल सिस्टिम्स आहे, तर तिकडच्या कोर्सचं डिटेल सिलॅबस डाउनलोड करा, आपल्या सिलॅबसच्या बाजूला ठेवून युनिटवाइज टेबल बनवा, कोणतं युनिट तिकडे नाही ते स्वतःच लाल करा आणि मग एचओडींकडे जा. लपवू नका, सर लोकांना ते लगेच दिसते. दोन कोर्स जास्तीचे बॅकअप ठेवा कारण तिकडे गेल्यावर टाइमटेबल क्लॅश होतेच. ह्या सगळ्याचं लर्निंग अ‍ॅग्रीमेंट बनतं, त्यावर सह्या झाल्याशिवाय तिकीट काढू नका. ऑटोनॉमस, म्हणजे स्वतःच परीक्षा घेणारं कॉलेज असेल तर हे तुलनेने सोपं जातं, नागपूर युनिव्हर्सिटीच्या साध्या अ‍ॅफिलिएटेड कॉलेजात असाल तर परीक्षा युनिव्हर्सिटीची, म्हणून कॉलेजच्या तोंडी 'हो'वर जाऊ नका, लेखीच घ्या.

पैसा: ट्यूशन माफ असली तरी राहणं-खाणं, विमान, इन्शुरन्स आपलंच. करार इरॅस्मस प्लस ह्या युरोपियन युनियनच्या योजनेतला असेल तर ग्रँट मिळू शकते. जर्मनीच्या व्हिसाला स्कॉलरशिप नसेल तर सहसा ब्लॉक्ड अकाउंट लागतं, म्हणजे पैसे आधीच भरून ठेवायचे आणि तिकडे महिन्याला ठरलेलेच काढायचे असं खातं, 2024 पासून महिन्याला 992 युरोच्या हिशोबाने. घरच्यांना हे आधीच सांगा.

पासपोर्ट नागपुरातच होतो. जर्मनीच्या व्हिसासाठी आपल्याला सहसा मुंबई लागते, अपॉइंटमेंट मिळाली की आधी दुरांतोचं रिझर्वेशन बघा. जाड जाकीट बर्डीवरच्या बाजारात घेत बसू नका, तिकडच्या सेकंडहँड दुकानात थंडीच्या लायकीचं मिळते.

परतायच्या आधी तिकडच्या ऑफिसातून हजेरीच्या तारखांचं सर्टिफिकेट सही-शिक्क्यानिशी घ्या. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे तिकडची मार्कशीट, मात्र उशिरा येते, ती त्यांना थेट इथल्या सेलला मेल करायला सांगा, आणि आली की प्रिंट परीक्षा विभागात देऊन इनवर्ड नंबर घ्या.