जुनी बेसबॉल कार्डं घेताना आधी मागचा नंबर बघा
जुन्या बेसबॉल कार्डांमध्ये, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेल्या जमवायच्या कार्डांमध्ये, फारसं नाव नसलेल्या खेळाडूंच्या कार्डांना कॉमन्स म्हणतात आणि ती स्वस्तच असणार असं धरून चालू नका, कारण बऱ्याचदा किंमत खेळाडूवर नाही तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर ठरते. उदाहरणार्थ टॉप्स या अमेरिकन कार्ड कंपनीचा १९५२ चा सेट बघा, एकूण ४०७ कार्डं, त्यातली ३११ पासून पुढची सीझन संपत आल्यावर बाजारात आली, तोवर पोरांचा इंटरेस्ट गेलेला, दुकानदारांनी फारशी घेतली नाहीत, उरलेला माल पुढे १९६० मध्ये चक्क समुद्रात बुडवला असं कंपनीचेच साय बर्गर सांगायचे. त्यामुळे तिथला कोणीही ऐरागैरा महाग पडतो. आणि १ नंबरचा अँडी पाफ्को! पोरं गठ्ठ्याला रबरबँड लावायची, वरचं कार्ड हेच, म्हणून चांगल्या अवस्थेतला पाफ्को मिळणं मुश्किल.

म्हणून सुरुवात मधल्या नंबरांपासून करा, कोपरे थोडे गोल झालेले चालतील, पण कडा कापून लहान केलेलं कार्ड नको. मोजपट्टी जवळ ठेवाच. १९५२ ते ५६ ची टॉप्स कार्डं २ ५/८ बाय ३ ३/४ इंच, १९५७ पासून अडीच बाय साडेतीन, त्यामुळे आजचं स्लीव्ह (प्लास्टिकचं कव्हर) जुन्या कार्डाला कोंबू नका, कोपरा गेलाच समजा. पीव्हीसीची पाकिटंही टाळा. ग्रेडिंगच्या, म्हणजे फी भरून कार्डाचा दर्जा ठरवून घ्यायच्या भानगडीत कॉमन्ससाठी तरी पडू नये असं माझं मत, फीच कार्डापेक्षा जास्त होते.