सार्वजनिक इमारतीतले दिवे बदलताय? या चुका टाळा

दिवे बदलून झाले, दोन महिन्यांची बिलं आली आणि साहेब विचारतात, "एवढा खर्च केला, मग युनिट का उतरले नाहीत?" अशा ठिकाणी मला बोलावणं आलं की मी दुपारी बारा-एकच्या सुमारास जातो. बाहेर लख्ख ऊन असतं आणि खिडकीलगतची फिटिंग्ज आत सुखेनैव जळत असतात. मुंबईतल्या कार्यालयांत, रुग्णालयांत, शाळांत वीस वर्षं दिव्यांचं काम करतोय. चुका त्याच त्याच आहेत आणि बहुतेक सगळ्या घाईतून येतात.

आधी नियमाचं थोडक्यात सांगतो. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. त्याखाली केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीने 2007 मध्ये इमारतींसाठी संहिता आणली, 2017 मध्ये ती सुधारली. 2024 मध्ये ब्युरोने नवी संहिता आणली, पण इथले आकडे 2017 च्या संहितेतले आहेत. आपण सगळे तिला ईसीबीसी म्हणतो. 2017 च्या संहितेची हद्द 100 किलोवॉट जोडभार (जोडलेल्या सगळ्या उपकरणांची बेरीज) किंवा 120 केव्हीए कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) यापासून सुरू होते. दिव्यांसाठी तिच्यात दर चौरस मीटरला किती वॉट चालतील ते दिलंय. कार्यालयाला 9.5. त्याहून कडक दर्जे दोन: ईसीबीसी प्लस हवं असेल तर 7.6, सुपर हवं असेल तर 5. नवीन मुलं हा एक तक्ता वाचतात आणि पुढची पानं मिटतात. पुढच्या पानांवर दिवे बंद कसे होणार ते लिहिलंय, आणि खरी बचत तिथे आहे.

सगळ्यात महागडी चूक: खिडकीच्या रांगेला वेगळं बटण नसणं

फोर्ट भागातल्या एका जुन्या इमारतीतला हॉल. खिडक्यांच्या बाजूने 18 मीटर लांब, आत 10 मीटर खोल, उंच उंच खिडक्या. छताला 36 वॉटची 45 पॅनेल, खिडकीला समांतर तीन रांगा, प्रत्येक रांगेत पंधरा. एकूण 1620 वॉट, म्हणजे चौरस मीटरला बरोबर 9. मर्यादा 9.5. कागद स्वच्छ होता. तो तपासून मीच सही केली होती.

सहा महिन्यांनी गेलो तर भर दुपारी पंचेचाळीसच्या पंचेचाळीस दिवे चालू. खिडकीजवळच्या टेबलावर दिवे घालवून लक्स मीटर (पडणारा उजेड मोजायचं यंत्र) ठेवला, सातशे लक्सच्या वर आकडा आला. आतल्या भिंतीजवळच्या टेबलावर ऐंशी. शिपाई मामांना विचारलं, सकाळी सगळीच बटणं का दाबता? ते म्हणाले, "साहेब, आतल्या मॅडमच्या टेबलावर अंधार पडतो. एक बटण दाबलं की खिडकीचेही लागतात न् आतलेही लागतात. मी काय करणार?"

मामांचं शंभर टक्के बरोबर होतं. डीबी, म्हणजे जिथून सगळी सर्किटं निघतात तो बोर्ड, आडव्या भिंतीवर होता. वायर वाचावी म्हणून पाचही सर्किटं खिडकीपासून आतल्या भिंतीपर्यंत आडवी ओढली होती. प्रत्येक बटणावर नऊ दिवे, त्यात तीन खिडकीचे, तीन मधले, तीन आतले. आतल्या एका टेबलाला उजेड द्यायचा तर खिडकीचे दिवे जाळल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. हिशोब करा. खिडकीची एक रांग 540 वॉट, रोज आठ तास, वर्षाचे अडीचशे दिवस: 1080 युनिट. एका हॉलच्या एका रांगेचे. त्या इमारतीत असे सात हॉल होते.

संहितेत हे स्पष्ट आहे. खिडकीतून जिथवर पुरेसा उजेड पोचतो त्या पट्ट्यातले दिवे दिवसा बंद करता आले पाहिजेत, हाताने किंवा आपोआप. मी वॉटचा तक्ता जुळवला आणि सर्किटचा नकाशा मागितलाच नाही. मग फॉल्स सीलिंगच्या टाइल्स काढून दोन रविवार वायरमनबरोबर शिडीवर काढले आणि सगळी सर्किटं खिडकीला समांतर केली. बोर्डावर मराठीत पट्ट्या चिकटवल्या: खिडकी, मधली, आत. दुसऱ्या सोमवारी दुपारी मामांनी आपण होऊन 'खिडकी' बंद केलं. कुणी सांगायला लागलं नाही.

तेव्हापासूनची माझी सवय अशी. ड्रॉइंगवर सही करण्याआधी जागेवर जायचं, दुपारी एकदा आणि संध्याकाळी साडेसहाला एकदा. खिडकीचा उजेड जिथे संपतो तिथे फरशीवर खडूने रेघ मारायची आणि ती रेघ सर्किटच्या नकाशावर उतरवायची. पावसाळ्यात रेघ खिडकीकडे सरकते, म्हणून जमलं तर जुलैतही एक फेरी. नवीन इंजिनिअर म्हणतात, "सर, सॉफ्टवेअरमध्ये सगळं दिसतं." दिसतं, पण समोर उभी राहिलेली नवी इमारत त्यात कुणी टाकलेली नसते.

सेन्सर लावून मोकळं होणं

शॉर्टकटमध्ये मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. बाथरूमच्या दाराशी छताला एक सेन्सर ठोकायचा, वेळ एक मिनिटावर ठेवायची आणि बचतीचा मोठा आकडा दाखवून बिल काढायचं. साधा पीआयआर सेन्सर अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो. पार्टिशनच्या आड बसलेला माणूस त्याला दिसत नाही, काचेपलीकडचाही नाही. एका कार्यालयात निवृत्तीला आलेल्या एक बाई आत असताना दिवे गेले. अंधारात कडी शोधताना त्या ओल्या फरशीवर पडल्या, मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सेन्सरवर इन्सुलेशन टेप चिकटवली, वायरमनने तो बायपास केला, आणि तेव्हापासून ते दिवे चोवीस तास जळतायत. बाईंचा हात मोडला आणि वीजही वाचली नाही.

संहिता म्हणते, माणूस गेल्यावर पंधरा मिनिटांच्या आत दिवा जावा. मी सुरुवातीला पूर्ण पंधरा ठेवतो आणि महिनाभर तक्रार आली नाही तरच कमी करतो. पार्टिशनच्या बाथरूममध्ये कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाच्या लहरींवर (अल्ट्रासॉनिक) चालणारा किंवा दोन्ही तंत्रांचा सेन्सर घ्या, आणि एक दिवा सेन्सरच्या बाहेर, कायम चालू. जिन्याला तर हे लागूच. जिना आणि आणीबाणीचे दिवे सेन्सरच्या भरवशावर सोडणाऱ्याबरोबर मी काम करत नाही.

वॉट बघून खरेदी

"20 वॉटच्या जागी 15 चं टाका, अजून वाचेल." वाचेल, पण टेबलावर उजेड किती पडणार? आयएस 3646 या भारतीय मानकाप्रमाणे कार्यालयात साधारण 300 ते 750 लक्स, कॉरिडॉरला 50 ते 150, जिन्याला 100 ते 200 धरतात. कमी उजेडात माणसं काम करत नाहीत, घरून टेबल लॅम्प आणतात, आणि तो लोड तुमच्या कागदावर कुठेच नसतो. खोक्यावर वॉटशेजारी ल्यूमेन, म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो ते, छापलेले असतात, आधी ते वाचा. आणि मोबाइलच्या ॲपवर लक्स मोजून अहवाल देऊ नका. साधा मीटर विकत घ्या, दरवर्षी तपासून घ्या.

बाकीचं भराभर सांगतो.

वॉट मोजताना ड्रायव्हरसकट (एलईडीला वीज पुरवणारा भाग) अख्ख्या फिटिंगचे मोजा. जुन्या 40 वॉटच्या ट्यूबला तांब्याचा चोक धरून पन्नासच्या वर लागायचे. नव्या हिशोबातही सबंध सर्किटवर मीटर लावून खात्री करा.

बाहेरचे दिवे ठरावीक वेळेच्या टायमरवर नकोत. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, जूनच्या शेवटी सव्वासात होऊन जातात. थंडीत लावलेला टायमर उन्हाळ्यात रोज तासभर उजेडात दिवे जाळतो. सूर्यास्ताची वेळ स्वतः धरणारा ॲस्ट्रो टायमर घ्या.

बाहेर जाण्याच्या खुणेच्या पाट्यांना एका बाजूला 5 वॉटची मर्यादा आहे. त्या चोवीस तास जळतात, विसरू नका.

"आमचा लोड 100 किलोवॉट नाही, आम्हाला लागू नाही" असं सांगून कुणी फाइल मिटवली तर त्याला त्याच इमारतीचं वर्षाचं बिल दाखवा.

शेवटची गोष्ट धुळीची. रस्त्याची धूळ आणि समुद्राची दमट हवा मिळून डिफ्यूझरवर (दिव्यावरच्या दुधी झाकणावर) चिकट थर बसतो. माहीमच्या बाजूला एका शाळेत आम्ही जास्त वॉटची फिटिंग्ज मागवायच्या बेतात होतो, कारण वर्गात 190 लक्स भरत होते. सफाईच्या मावशींनी ओल्या फडक्याने एक रांग पुसली. पुन्हा मोजलं तर 260. ऑर्डर रद्द केली आणि पुसण्याच्या तारखा दरवाजामागे लिहून ठेवल्या: मे अखेर आणि दिवाळीआधी.