अवकाशातल्या दोन रेषा छेदतात का, हे कसं तपासावं

आधी दिशा बघा. एका रेषेची दिशा दुसरीच्या पटीत असेल तर रेषा समांतर. मग पहिलीवरचा एक बिंदू दुसरीवर बसतो का पाहा: बसला तर दोन्ही रेषा एकच, नाही तर त्या कधीच भेटत नाहीत.

समांतर नसतील तर खरं काम. समजा, पहिली रेषा (१, ०, २) मधून जाते, दिशा (१, २, −१). दुसरी (४, ३, ३) मधून, दिशा (१, −१, ३). पहिलीवरचा कुठलाही बिंदू (१+म, २म, २−म); म म्हणजे दिलेल्या बिंदूपासून दिशेच्या किती पट सरकलो ते. तसाच दुसरीवरचा (४+न, ३−न, ३+३न).

अक्षरं दोन वेगळी घ्या. बारावीत मी कित्येक महिने दोन्हीकडे ‘म’च लिहीत होतो, कारण गाईडात दोन्ही रेषा एकाच अक्षरात छापलेल्या असायच्या. इथे तसं केलं तर १+म = ४+म, म्हणजे १ = ४. मी बिनदिक्कत ‘छेदत नाहीत’ लिहून मोकळा व्हायचो. प्रत्यक्षात या रेषा छेदतात! दोन रस्ते एकमेकांना छेदतात का, एवढंच आपल्याला विचारायचं असतं. एकच अक्षर घेतलं की प्रश्न बदलतो: दोन रस्त्यांवरच्या दोन एसट्या चौकात एकाच क्षणी पोचतात का? प्रश्नात एकच अक्षर दिलं असेल तर सोडवण्याआधी एका रेषेतलं बदला.

आता १+म = ४+न आणि २म = ३−न सोडवा. म = २, न = −१.

इथे थांबू नका. ‘उत्तर मिळालं म्हणजे छेदतात’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. दोन समीकरणं म्हणजे नुसता नकाशा. नकाशात उड्डाणपूल आणि खालचा रस्ताही एकमेकांना छेदतातच. उंची तिसऱ्या समीकरणात कळते: २−२ = ० आणि ३−३ = ०. जुळलं. छेदनबिंदू (३, ४, ०). दुसरी रेषा (४, ३, ५) मधून जात असती तर म, न तेच आले असते, पण उंची एकीकडे ०, दुसरीकडे २. अशा रेषा विषमतलीय, म्हणजे समांतरही नाहीत आणि छेदतही नाहीत.

फक्त हो-नाही हवं असेल तर दिशांचा सदिश गुणाकार (दोन्ही दिशांना लंब असलेली दिशा) घ्या, (५, −४, −३), आणि दिलेल्या बिंदूंमधल्या फरकाशी, (३, ३, १) शी, त्याचा अदिश गुणाकार (जोडीजोडीने गुणून बेरीज) करा: १५−१२−३ = ०, म्हणजे छेदतात. पण समांतर रेषांना हे उत्तर नेहमीच ० येतं, म्हणून दिशा आधी बघायच्या.