मुलाची उंची वाढत नाही? या चुका टाळा

गेल्या जूनमध्ये घेतलेली शाळेची पँट या जूनलाही घोट्यावर बरोबर बसली की आपण म्हणतो, चला, एक खर्च वाचला. कृपा करून त्याच दिवशी मुलाला भिंतीशी उभं करा. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढतं. वर्षभरात ४ सेंमीही भरत नसेल, तर प्रार्थनेच्या रांगेत ते कितवं उभं राहतं हे बघत बसू नका, बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

मोजतानाच पहिली गडबड होते. उचललेल्या टाचा, वर बांधलेले केस, डोक्यावर तिरकी धरलेली पट्टी. एवढ्यात दोन सेंमी इकडचे तिकडे होतात. अनवाणी उभं करा, टाचा आणि पाठ भिंतीला, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याची वही भिंतीला काटकोनात टेकवा, पेन्सिलीने खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. तारीख नसलेली खूण डॉक्टरांच्या काही कामाची नाही. सहा महिन्यांनी पुन्हा, त्याच भिंतीवर.

‘याचे बाबाही कॉलेजात गेल्यावरच वाढले.’ हे कधीकधी खरंही असतं. पण ते घरीच ठरवून टाकणं ही मला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. खुंटलेल्या वाढीमागे थायरॉइड कमी असू शकतो, किडनीचा आजार असू शकतो, गहू न सोसणारा सिलिअ‍ॅक आजारही असतो, आणि त्यात पोट बिघडतंच असं नाही. मुलींमध्ये टर्नर सिंड्रोमची (गुणसूत्रांतला जन्मजात दोष) पहिली खूण कधीकधी फक्त कमी उंची असते. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं, म्हणजे वाढ अजून किती उरली आहे ते. हाडांची टोकं जुळून गेली की कुठल्याच औषधाने उंची वाढत नाही, म्हणून वाट बघायची नाही. उंची वाढवणाऱ्या पावडरींत पैसे आणि वर्षं दोन्ही जातात.

उलटंही घडतं. आठ वर्षांच्या आतच मुलीची छाती वाढू लागली आणि ती भराभर उंच झाली, तर तेही दाखवा. अशा मुलींची वाढ लवकर थांबते.

ग्रोथ हार्मोनचं, म्हणजे वाढीच्या हार्मोनचं, इंजेक्शन सुरू झालंच, तर औषधाचं इंजेक्शन-पेन फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका. त्याला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागतं. एकदा गोठलेलं औषध वितळवून टोचायचं नाही, टाकून द्यायचं.